मियाँ-बीवीचा बागेचा धंदा : आधी कागद, मग झाडे

बंगल्यांच्या बागा आखून लावून देण्याचा धंदा पती-पत्नी मिळून उत्तम करू शकतात. एकाने नकाशा, रोपे व रंगसंगती पाहावी. दुसऱ्याने माती, मजूर व वसुली. परंतु घरचाच मामला म्हणून लेखी भागीदारीपत्र टाळू नये. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वाटा ठरवला नसेल तर नफा-तोटा निम्मा-निम्मा. पेढीची नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाने थकवलेल्या १०० रुपयांवरील बाकीसाठी कोर्टात दावा चालत नाही. उलट पेढीच्या देण्याला दोघांची खासगी मालमत्ताही जबाबदार धरली जाते. म्हणून माल आणण्यापूर्वीच बयाणा घ्यावा आणि मेलेली रोपे किती महिने बदलून देणार, हेही लिहून ठेवावे.