छत सजवा, पण आधी ठोकून पाहा!

घराला रंग लागला, जमिनीवर लाद्या बसल्या, की घरातल्या माणसांची नजर आपोआप वर जाते. छत मात्र कळकट आणि खडबडीत. कुठे सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ, कुठे सुटलेले पोपडे. त्यातच घरात लग्नकार्य निघते आणि बाजारातून नक्षीच्या टाइल्स आणून छत झाकून टाकण्याचा बेत ठरतो. हौस वाईट नाही. कष्टकरी माणसाने आपले घर देखणे का ठेवू नये? परंतु वस्त्यांतून आणि सोसायट्यांच्या सभांतून फिरताना एक गोष्ट आम्हांला वारंवार दिसते. छत खराब का झाले, हे विचारण्याआधीच टाइल्सची खरेदी झालेली असते.

आपल्या घरांत छते साधारण तीन तऱ्हेची असतात. तिन्हींचा न्याय वेगळा.

पहिले छत जन्मापासूनच खडबडीत असते. ठेकेदाराने फळ्या काढल्या आणि गिलावा न करताच वरून चुना मारला. असे छत कोरडे व टणक असेल तर खुशाल झाका.

दुसरे छत आजारी असते. एकेकाळी ते गुळगुळीत होते. पुढे ओल आली, तांबूस डाग पडले, पोपडे सुटले. वरच्या मजल्याच्या मोरीचे किंवा गच्चीचे पाणी स्लॅबमध्ये मुरते आणि आतल्या सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. सळई फुगली की तिच्याखालचे काँक्रीट, जे घराच्या छतात जेमतेम पाऊण-एक इंच असते, ते फुटून खाली येते. अशा छताला टाइल्स लावणे म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणे. गळती चालूच राहते, सळई झिजतच राहते, फक्त आपल्याला दिसत नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, हे विसरू नये.

मग ओळखायचे कसे? हातोडीचा लाकडी दांडा घ्या. डोक्यावर फडके बांधा, थेट खाली उभे न राहता बाजूला शिडी लावा आणि हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर छत धड आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर आतून सुटलेले आहे. मात्र सळ्या उघड्या पडल्या असतील, लांब भेग गेली असेल किंवा छत मध्येच खाली झुकले असेल, तर ठोकूही नका. त्या खोलीत झोपणे बंद करा आणि इंजिनिअरला बोलवा.

आजारी छताच्या दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी वरचे पाणी बंद करायचे. नंतर सुटलेला भाग काढायचा, सळ्यांचा गंज तारेच्या ब्रशने घासायचा, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यायचे. नुसती पुट्टी भरून देणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे निरोप द्यावा. दुरुस्तीनंतर एक पावसाळा जाऊ द्या. छत कोरडे राहिले, तरच सजावट.

तिसरे छत सिमेंटच्या पत्र्याचे. आपल्याकडच्या अनेक सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. ब्रिटनमध्ये पूर्वी घरोघर ‘आर्टेक्स’ नावाच्या खडबडीत लेपाची छते असत. १९८० च्या दशकापर्यंतच्या त्या लेपात अनेकदा ॲस्बेस्टॉस असे. ते खरवडू नये, तसेच ठेवून झाकावे, असा सल्ला तिथे दिला जातो. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपणही पत्रा घासू नये, कापू नये, त्याला भोके पाडू नयेत. खालची चौकट पत्र्याला न टांगता भिंतींना किंवा वाशांना धरून बसवावी.

आता टाइल्स कोणत्या घ्याव्यात? थर्माकोलच्या स्वस्त आणि हलक्या असतात, पण आग लागली की वितळून जळते थेंब खाली पडतात. स्वयंपाकाच्या जागी, किंवा जिथे दिवा-मेणबत्ती लागते तिथे त्या नकोच. पीव्हीसी पाण्याला दाद देत नाही, परंतु जळाल्यास त्याचा धूर विषारी असतो. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २० टक्के पाणी बांधलेले असते, म्हणून ते आगीत तग धरते. मात्र ओलीत खराब होते. आमचे मत विचाराल तर चौकटीत नुसत्या ठेवलेल्या, हाताने उचलता येणाऱ्या २ बाय २ फुटांच्या जिप्सम टाइल्स बऱ्या. दर पावसाळ्यात दोन-चार टाइल्स उचलून स्लॅब पाहता येतो. हिशेब सोपा आहे. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट, म्हणजेच ३० टाइल्स. तुटफुटीसाठी ३ जादा धरा. पंखा टाइलच्या चौकटीला न अडकवता स्लॅबच्या हुकालाच टांगावा आणि त्याची पाती जमिनीपासून ७ फुटांच्या खाली येऊ देऊ नयेत.

राहिला खर्चाचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून पावसाचे पाणी गळून वरच्या मजल्याचे छत बिघडले, तर दुरुस्ती संस्थेने करायची असते. संडास-मोरीच्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांचा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावी, असेही त्यांत आहे. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त चाळींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, सोबत छताचा फोटो जोडा आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. शेजारच्या चार घरांनी मिळून सही केली तर त्या अर्जाला वजन येते.

म्हणून बंधू-भगिनींनो, टाइल्स आणायला निघण्यापूर्वी शिडी लावा, दांडा घ्या आणि छत ठोकून पाहा. पैसा घामाचा आहे, आणि त्या छताखाली आपली लेकरे झोपतात.