भिंतीतला घरभेदी

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमान असतं. माणसानं बांधलेल्या काही यंत्रांत त्याच्या दसपट, म्हणजे पंधरा कोटी अंशांपर्यंत मजल गेली आहे. आता पोरांनो, मला सांगा, एवढी आग विझवायला काय लागेल? ओमचं उत्तर ठरलेलं, अख्खा अरबी समुद्र ओता! अरे, समुद्र कशाला? यंत्राच्या भिंतीवरून सुटलेले चिमूटभर अणू पुरतात. दहा हजार कणांमागे टंगस्टनचे एक-दोन अणू जरी मधोमध जाऊन बसले, तरी ती आग पेटती ठेवणं मुश्कील होऊन बसतं.

आजची गोष्ट त्या अणूंची. त्यांनी शास्त्रज्ञांना कसं जेरीला आणलं, शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडूनच आतली बातमी कशी काढली आणि शेवटी त्यांनाच कामाला कसं जुंपलं, ते ऐका.

सूर्य हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळून हेलियम तयार करतो. त्यातून जी ऊर्जा सुटते तिच्यावर आपलं सगळं चाललंय. यालाच संमीलन म्हणतात. माणसाला वाटलं, आपणही हे करून पाहू. हायड्रोजनची दोन जड भावंडं घ्यायची, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. ती खूप तापवायची, म्हणजे त्यांची केंद्रकं एकमेकांवर आपटून जुळतील.

"पण आजोबा, सूर्याचं दीड कोटीत भागतं, मग आपल्याला पंधरा कोटी कशाला लागतात?" मुक्तानं बरोबर विचारलं. अगं, सूर्याकडे प्रचंड वजन आहे. त्याचा गाभा स्वतःच्याच भारानं दाबून शिशाच्या कितीतरी पट दाट झालेला आहे. शिवाय त्याला घाई नाही, त्याच्याकडे अब्जावधी वर्षं आहेत. आपल्याकडे ना तेवढं वजन, ना तेवढा वेळ. म्हणून उणीव तापमानानं भरून काढायची.

इतकं तापल्यावर अणू अख्खा राहत नाही. त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात, उरतात ते धन विद्युतभाराचे कण, आणि हा सगळा मोकाट जमाव म्हणजे प्लाझ्मा. त्याला कुठल्या भांड्यात ठेवणार? सोव्हिएत रशियात इगोर ताम आणि आंद्रेई साखारोव्ह या दोघांनी १९५०च्या सुमारास तोड काढली. विद्युतभार असलेला कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत राहतो, रेषा सोडून सहजी जात नाही. मग रेषाच कंकणासारख्या गोल वळवल्या, तर कणाला टोकच सापडणार नाही! अशा कंकणाकृती यंत्राला टोकामाक म्हणतात. १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत लेव आर्त्सिमोविच यांनी सांगितलं की आमच्या टी-३ टोकामाकमध्ये कोटभर अंश तापमान मिळालंय. पश्चिमेतल्या पुष्कळांचा विश्वास बसेना. तेव्हा शीतयुद्ध ऐन भरात होतं, तरी १९६९ मध्ये इंग्लंडमधून एक तुकडी आपली लेसरची सामग्री घेऊन मॉस्कोला गेली. लेसरचा झोत प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांवरून कसा विखुरतो, ते त्यांनी मोजलं. रशियनांचं म्हणणं खरं निघालं! मग काय, जगभर टोकामाक बांधायची लाटच आली.

आपले होमी भाभा १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते. संमीलनाची ऊर्जा ताब्यात आणायची रीत दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथं केलं होतं. बरोबर दोन दशकांनी, १९७५ च्या अखेरीस, अमेरिकेत प्रिन्स्टनला पीएलटी नावाचा मोठा टोकामाक सुरू झाला. तिथंच आपल्या टंगस्टनची एंट्री होते.

चुंबकीय पिंजरा कितीही चांगला असला, तरी काठावरचे काही कण निसटतातच. ते भिंतीवर आदळू नयेत म्हणून त्यांच्या वाटेत एक आडोसा उभा करतात, त्याला म्हणतात लिमिटर. तो कशाचा करायचा? शहाण्या माणसानं काय केलं असतं? सगळ्यांत उशिरा वितळणारा धातू घेतला असता. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो, कुठल्याही धातूहून उशिरा. पीएलटीत तोच बसवला. आणि झालं भलतंच. प्लाझ्मा मधोमध सगळ्यांत गरम असायला हवा, तर इथं मधलाच भाग थंड पडला आणि भोवतालचा भाग जास्त गरम!

"टंगस्टन वितळला असेल," ओम म्हणतो. नाही रे. वितळावं लागतच नाही. वेगवान कण पृष्ठभागावर आदळला की तिथले एक-दोन अणू उडवून लावतो. ते प्लाझ्मात शिरतात, त्यांचेही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि तेही चुंबकीय रेषांना धरून आत अडकतात. जड अणूंना तर अशा प्लाझ्मात आतल्या बाजूला, ऐन गाभ्याकडे सरकण्याची खोडच असते.

आत जाऊन ते करतात काय? नीट ऐक, गोष्टीची खरी मेख इथं आहे. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन. तो एकदा गेला की त्याच्याकडे उजेड पाडायला जवळजवळ काही उरत नाही. कार्बनकडे सहा. गाभ्याच्या उष्णतेत तेही सगळे जातात, म्हणून कार्बन चमकतो तो काठावरच, आत जवळपास मुका होतो. टंगस्टनकडे मात्र चौऱ्याहत्तर! कोटी कोटी अंशांतही त्याचे सगळे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. उरलेल्यांना भोवतालचे मोकळे इलेक्ट्रॉन सतत ढुशा देतात. ढुशी बसली की ते वरच्या पायरीवर चढतात, आणि खाली येताना अतिनील प्रकाश किंवा क्ष-किरण सोडतात. सेकंदाला असंख्य वेळा हेच चाललेलं. चुंबकीय पिंजरा कोंडतो तो विद्युतभाराच्या कणांना. प्रकाशाला विद्युतभार नाही, त्याला कुणी अडवत नाही. मेहनतीनं कोंडलेली उष्णता उजेड होऊन सरळ बाहेर!

आणि आतला माल तरी किती? मोठ्या टोकामाकमधला प्लाझ्मा आपल्या हवेपेक्षा लाखो पट विरळ असतो. एवढ्याशा मालात भिंतीवरचे थोडे अणू मिसळले, तरी दुधाच्या हंड्यात मिठाचा खडा पडल्यासारखं होतं.

प्रिन्स्टनवाल्यांनी टंगस्टन काढला आणि कार्बन, म्हणजे ग्राफाइट, वापरला. १९७८ मध्ये त्याच पीएलटीत सुमारे सहा कोटी अंश तापमान गाठलं गेलं. जगानं धडा घेतला: जड धातू नको, हलका कार्बन बरा. पुढची वीसेक वर्षं टोकामाकांत कार्बनचंच राज्य होतं.

"पण बंद यंत्राच्या आत कोणता अणू शिरलाय, हे कळतं कसं?" मुक्ताला हेच विचारायचं होतं, मला ठाऊक होतं. त्याच्या उजेडावरूनच कळतं. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटातल्या रेषा ठरलेल्या असतात. ही विद्या आपल्याला ग्रहणांनी शिकवली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात पिएर जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्याकडे, आंध्रात गुंटूरला, वर्णपटदर्शक घेऊन आले होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी सूर्याच्या वर्णपटातली एक अनोळखी पिवळी रेषा तपासली. ती हेलियमची होती. पुढच्या वर्षीच्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली. तीही अनोळखी. लोकांनी तिच्यासाठी कोरोनियम नावाचं एक नवं मूलद्रव्यच कल्पून टाकलं! सत्तर वर्षांनी उलगडा झाला. स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी दाखवलं की ती रेषा साध्या लोखंडाची आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. म्हणजे प्रभामंडल दहा लाख अंशांहून तप्त असणार. किती तापमानाला कोणत्या अणूचे इलेक्ट्रॉन किती सुटतात, याचं गणित आपल्या मेघनाद साहांनी १९२० मध्येच मांडायला घेतलं होतं.

टोकामाकवाल्यांनी हीच विद्या हाती घेतली. गांधीनगरजवळ भाट इथं प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथला आदित्य हा भारतात घडवलेला पहिला टोकामाक, १९८९ मध्ये सुरू झालेला. त्याच्या कंकणाची त्रिज्या पाऊण मीटर. त्यातला एकेक प्लाझ्मा अर्ध्या सेकंदाहूनही कमी टिकतो. तेवढ्यात खिडकीतून प्रकाशतंतूंनी उजेड बाहेर आणून त्याचा वर्णपट घ्यायचा. ६५६.३ नॅनोमीटरला हायड्रोजनची लाल रेषा, शिवाय कार्बनच्या आणि ऑक्सिजनच्या रेषा. कार्बन येतो ग्राफाइटच्या लिमिटरमधून. ऑक्सिजन बहुतेक पाण्याचा, भिंतीला चिकटून राहिलेल्या ओलाव्याचा. म्हणून प्रयोगाआधी यंत्राचं पात्र तापवतात, मंद विद्युत्स्रावानं भिंती घासून काढतात, लिथियमसारख्या द्रव्याचा पातळ लेप देतात. दुसरीकडे बोरॉनचा लेपही देतात. तो ऑक्सिजनला धरून ठेवतो.

आत शिरलेल्या परक्या अणूंची ही भेसळ एवढ्यावरच गप्प बसत नाही, बरं का. ती आणखीही सांगते. अणू जोरात इकडेतिकडे धावत असतील तर त्यांची रेषा रुंद होते, रुंदीवरून तापमान कळतं. सगळे एका दिशेनं वाहत असतील तर रेषा किंचित सरकते, त्यावरून प्लाझ्मा कंकणात किती वेगानं फिरतोय ते कळतं. तापल्या गाभ्यातला हायड्रोजन स्वतः रेषा दाखवत नाही, त्याची खबर भेसळीकडूनच घ्यावी लागते. मग शास्त्रज्ञांनी मुद्दाम भेसळ करून पाहिली. काचेवर धातूचा अगदी पातळ थर द्यायचा, लेसरच्या एका फटक्यानं तो उडवायचा. सुटलेले अणू प्लाझ्मात शिरतात, आणि त्यांच्या रेषा काठाकडून गाभ्याकडे कशा सरकतात, किती वेळात विझतात, यावर नजर ठेवायची. भेसळ कशी आत येते, किती काळ मुक्काम करते आणि कशी बाहेर पडते, हे त्यावरून समजलं.

आता कार्बनचं पुढं काय झालं ते ऐका. इंग्लंडमध्ये कल्हमला जेट नावाचा युरोपचा मोठा टोकामाक होता. १९९७ मध्ये ड्यूटेरियम आणि ट्रिटियम वापरून त्यानं १६ मेगावॉट संमीलन-शक्ती दाखवली. भिंत कार्बनची. पण हायड्रोजनला कार्बनशी संयोग पावायला आवडतं. तो कार्बन कुरतडतो, ते तुकडे दुसरीकडे जाऊन थरांनी बसतात, आणि त्या थरांत ट्रिटियम अडकून राहतं. ट्रिटियम किरणोत्सारी, त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास, आणि ते आहेही दुर्मीळ. भिंतच इंधन गिळायला लागली तर वीजघर चालायचं कसं?

मग ज्याला हाकललं होतं त्या टंगस्टनला पुन्हा बोलावणं गेलं! जर्मनीतल्या गार्किंगच्या आस्डेक्स अपग्रेडमध्ये कार्बनच्या फरशा एकेक करून बदलत २००७ पर्यंत सगळीकडे टंगस्टन आला. जेटची भिंतही २०११ पर्यंत बदलली: वर बेरिलियम, तळाला टंगस्टन.

"आजोबा, पण तो पुन्हा तसंच करणार ना?" ओमचा प्रश्न रास्त आहे. फरक असा की आता त्याच्या सवयी माहीत झाल्या होत्या. काठावरच्या चुंबकीय रेषा वळवून खालच्या वेगळ्या कप्प्यात नेतात, त्याला म्हणतात डायव्हर्टर. निसटलेले कण गाभ्यापासून दूर तिथंच आदळतात. तिथं पोचेपर्यंत प्लाझ्मा पुरेसा थंड केला, तर टंगस्टनचा अणू उडवण्याइतका जोर कणांत राहत नाही. तरीही काही आत गेलेच, तर ऐन गाभ्यात सूक्ष्मलहरींची उष्णता देऊन प्लाझ्मा ढवळायचा, म्हणजे जड अणू तिथं साठत नाहीत.

आणि काठावरचा प्लाझ्मा थंड कशानं करायचा? भेसळीनंच! नायट्रोजन, निऑन किंवा अरगॉन थोडा थोडा मुद्दाम सोडायचा. डायव्हर्टरच्या पट्ट्यांवर दर चौरस मीटरला १० मेगावॉटपर्यंत उष्णता आदळू शकते. एवढी एका जागी सोसणारी वस्तू बनवणं फार अवघड. हे वायू काठावर चमकतात, उष्णतेचा उजेड करून तो चारी बाजूंना वाटून टाकतात, आणि पट्ट्या वाचतात. जे गाभ्यात घातक, तेच काठावर तारक. भेसळ वाईट की चांगली, हे तिच्या जातीवर आणि जागेवर ठरतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जेटनं केवळ ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाजूल ऊर्जा काढली. ती टंगस्टनचा तळ बसवलेल्या त्याच यंत्रात, आणि डिसेंबरात चाळीस वर्षांची सेवा करून ते बंद झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या वेस्ट या टंगस्टनी टोकामाकमध्ये प्लाझ्मा १३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटं टिकला. त्याच्या शेजारीच ईटर हा सगळ्यांत मोठा टोकामाक उभा राहतोय. भारत त्यात भागीदार आहे. त्याला बाहेरून वेढणारं तीस मीटरचं निर्वात पात्र सुरतजवळ हजीऱ्याला तुकड्यातुकड्यांनी घडवलं गेलं. ईटरच्या नव्या आराखड्यात आतली भिंत टंगस्टनचीच आहे, आणि तिला बोरॉनचा लेप देण्याची सोयही.

भाभांची दोन दशकं उलटून पन्नासेक वर्षं झाली. वीज अजून मिळालेली नाही, पण वाटेतले अडथळे आता नावानिशी ठाऊक आहेत. तेव्हा उद्या कुठं बातमी वाचलीत की अमक्या यंत्रात तमके कोटी अंश गाठले, तर नुसत्या आकड्यावर खूश होऊ नका. आधी विचारा, भिंत कशाची होती, तिच्यातलं आत किती गेलं आणि ते बाहेर कसं काढलं. उत्तर मिळालं, तर ती बातमी विश्वास ठेवण्याजोगी समजा.