मेलबर्नचा जांभळा नळ

मेलबर्नला संसार थाटला की आधी सुटतं ते पाणी भरून ठेवणं. नळ चोवीस तास चालू, मग पिंप कशाला? बादली-तांब्याची जागा शॉवर घेतो आणि वापर नकळत वाढतो.

पण या शहराने १९९७ ते २००९ असा प्रदीर्घ दुष्काळ सोसलाय. २००८ मध्ये माणशी दिवसाला १५५ लिटरचं उद्दिष्ट ठरलं. लोक शॉवरखाली बादली ठेवून ते पाणी झाडांना घालत. आजही कायमचे नियम आहेतच: बागेच्या होजला दाबलं तरच पाणी सोडणारं नोझल हवं, स्प्रिंकलर संध्याकाळी ६ ते सकाळी १० याच वेळात. अंगण होजने धुवायची सवय असेल, तर इथे सहसा खराटाच हाती घ्यावा लागतो.

मला सर्वांत भावते ती जांभळ्या नळांची सोय. काही नव्या उपनगरांत प्रत्येक घराला पाण्याच्या दोन वेगळ्या लाइन असतात. जांभळ्या लाइनमधून प्रक्रिया केलेलं सांडपाणी येतं, ते फ्लश, बाग, गाडी धुण्यासाठी. पिण्यासाठी अजिबात नाही! घरी आईबाबा राहायला आले, की त्यांना हे पहिल्याच दिवशी दाखवा.