डोक्याच्या एम.आर.आय.मधला काळा आणि पांढरा

घरातल्या कोणाचे डोके वरचेवर दुखू लागले, नाक सारखे चोंदू लागले आणि साध्या औषधांनी गुण आला नाही, की डॉक्टर कधी कधी मेंदूचा आणि सायनसचा एम.आर.आय. काढून आणायला सांगतात. मग हातात एक भले मोठे पाकीट पडते. त्यात काळसर फिल्म आणि इंग्रजीत छापलेला अहवाल असतो. ‘टी-टू हायपरइन्टेन्स’, ‘म्यूकोझल थिकनिंग’ असे शब्द वाचून घरची मंडळी घाबरून जातात. पण ‘टी-टू’ हे काही रोगाचे नाव नाही. तो एक काळ आहे, सेकंदाच्या अंशात मोजायचा. तो कसला काळ, एवढे समजले तरी ही फिल्म बरीचशी बोलू लागते.

इवलेसे चुंबक

मेंदूत पाणी पुष्कळ. त्याच्या करड्या भागात सुमारे ८० टक्के, तर पांढऱ्या भागात सुमारे ७० टक्के पाणी असते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि त्यांच्या केंद्रात एकेक प्रोटॉन. हा प्रोटॉन म्हणजे एक इवलासा चुंबकच होय. एरवी या चुंबकांची तोंडे वाटेल त्या दिशांना असतात. एम.आर.आय. यंत्राच्या बोगद्यात मात्र १.५ किंवा ३ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र असते. आपल्या भागात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ०.००००४ टेस्ला आहे. म्हणजे १.५ टेस्लाचे यंत्र त्याच्या पस्तीस-चाळीस हजार पट बलवान झाले.

अशा क्षेत्रात सगळे प्रोटॉन शिस्तीत उभे राहत असतील, असे आपल्याला वाटेल. तसे होत नाही. शरीराची उष्णता त्यांना सतत धक्के देत असते. क्षेत्राच्या दिशेने तोंड केलेले प्रोटॉन उलट तोंडाच्या प्रोटॉनांपेक्षा दहा लाखांत जेमतेम पाचच अधिक भरतात! पण एका घन मिलिमीटर पाण्यात सुमारे ६.७ × १०^१९ प्रोटॉन असतात. त्यातले दहा लाखांत पाच म्हटले, तरी तीन कोटी कोटींहून जास्त होतात. सारा खेळ या अल्पमतातल्या प्रोटॉनांच्या जिवावर चालतो.

झोपाळा आणि धक्का

जमिनीवर फिरणारा भोवरा कलला, की त्याचा आस डुलत डुलत फिरतो, हे आपण पाहिले असेल. चुंबकीय क्षेत्रातला प्रोटॉन तसाच डुलतो. दर टेस्लाला सेकंदाला ४ कोटी २५ लाख ८० हजार वेळा, म्हणजे ४२.५८ मेगाहर्ट्‌झ, असा त्याचा हिशेब आहे. १.५ टेस्लाला तो सुमारे ६३.९ मेगाहर्ट्‌झ होतो. आपण आकाशवाणीचे एफ.एम. कार्यक्रम ऐकतो तो पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झचा. यंत्राचे काम त्याच्या शेजारपाजारीच चालते.

झोपाळ्याला त्याच्या ठेक्यात धक्के दिले, की तो उंच जातो. भलत्याच वेळी दिलेले धक्के वाया जातात. प्रोटॉनांना त्यांच्याच ठेक्यातल्या रेडिओलहरींचा धक्का दिला, की ते ऊर्जा घेऊन आडवे होतात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. लहरी थांबल्या, की डुलणारे प्रोटॉन स्वतःच क्षीण रेडिओसंदेश देऊ लागतात. तो संदेश यंत्रातील आकाशक टिपतो.

द्रव व घन पदार्थांतले हे अनुस्पंदन ब्लॉक आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दाखवले. त्याबद्दल त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच रेणूतले हायड्रोजनही किंचित वेगळ्या ठेक्यांवर डुलतात, हे अल्कोहोलमध्ये १९५१ साली ज्या तिघांनी दाखवले, त्यांत डॉ. एस. एस. धर्मट्टी हे भारतीय होते. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन उभे केले. १९७३ मध्ये लाउटरबर यांनी या संदेशांतून चित्र काढण्याची युक्ती सांगितली. क्षेत्र सगळीकडे सारखे न ठेवता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित वाढवत न्यायचे. समजा, ते दर मीटरला ०.०१ टेस्लाने वाढवले. मग एकेक मिलिमीटर अंतरावरच्या प्रोटॉनांच्या ठेक्यात सुमारे ४२६ हर्ट्‌झचा फरक पडेल. ठेका ओळखला की जागा ओळखली! हे क्षेत्र भराभर बदलताना त्याची वेटोळी थरथरतात. बोगद्यातला तो ठोकाठोकीचा आवाज त्यांचाच.

टी-वन आणि टी-टू

आडवे झालेले प्रोटॉन दोन गोष्टी करतात. ते ऊर्जा परत देऊन हळूहळू पूर्वपदावर येतात. त्याला लागणाऱ्या काळाचे माप म्हणजे टी-वन. शिवाय एका ठेक्यात डुलणारे प्रोटॉन एकमेकांच्या गडबडीने बेताल होत जातात. त्या काळाचे माप म्हणजे टी-टू. मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाला दोन्ही काळ लांबलचक, कित्येक सेकंदांचे असतात. मेंदूच्या पांढऱ्या भागाचा टी-टू मात्र सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो.

तंत्रज्ञ धक्क्यांच्या वेळा बदलून कधी टी-वनवर, तर कधी टी-टूवर भर देणारे चित्र काढतो. टी-वन चित्रात चरबी पांढरी आणि पाणी काळे दिसते. टी-टू चित्रात पाणी पांढरेशुभ्र दिसते. सूज म्हणजे पेशीजालात साठलेले जादा पाणी. म्हणून सूज टी-टूत उजळते. ‘हायपरइन्टेन्स’ म्हणजे आसपासच्या भागापेक्षा उजळ, आणि ‘हायपोइन्टेन्स’ म्हणजे काळपट. एवढाच त्या शब्दांचा अर्थ. ‘फ्लेअर’ चित्रात मोकळ्या द्रवाचा संदेश मुद्दाम दाबतात आणि सूज तेवढी उठून दिसते. ‘डिफ्यूजन’ चित्र पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवते. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा नुकताच तुटला असेल, तर तिथे ही हालचाल अडते आणि तो भाग चमकतो.

सायनसमधला काळा

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतली हवेची विवरे. गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकामागे खोल, अशी ती असतात. हवेत हायड्रोजन नसल्यासारखाच, म्हणून निरोगी विवर काळे दिसते. त्याचे पातळ अस्तर सुजले, की टी-टूत पांढरी कड दिसते. तेच ‘म्यूकोझल थिकनिंग’. साध्या सर्दीतही ते दिसते, आणि कसलीच तक्रार नसलेल्या माणसांतही ते पुष्कळदा सापडते.

इथे एक फसगत आहे. विवरातला शेंबूड सुकून घट्ट झाला, किंवा तिथे बुरशीचा गोळा जमला, तर त्याचा टी-टू इतका आखूड होतो, की संदेश टिपण्यापूर्वीच विझतो. मग भरलेले विवर रिकाम्यासारखे काळे दिसते! म्हणून डॉक्टर एकाच चित्रावर भरवसा ठेवत नाहीत. जरूर तर सी.टी. स्कॅन काढतात. त्यात हवा आणि घट्ट पदार्थ यांत गल्लत होत नाही.

हा काळा रंग किती महत्त्वाचा, हे महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिले. कोरोनातून उठलेल्या रुग्णांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना, म्युकरमायकोसिस होऊ लागला. नाशिकसह राज्यभर असे रुग्ण आढळले. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये शिरते. डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत कागदासारखी पातळ असते, आणि तिच्या पलीकडे मेंदू फार दूर नाही. ‘एम.आर.आय. मेंदू, डोळे व सायनस’ ही चिठ्ठी त्या दिवसांत घरोघरी ओळखीची झाली.

या तपासणीत शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. औषधातल्या गॅडोलिनियमच्या आयनात सात एकाकी इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे तो आसपासच्या पाण्याचा टी-वन आखूड करतो आणि जिथे जिथे रक्त पोचते, तिथले अस्तर उजळते. म्युकरची बुरशी रक्तवाहिन्यांत घुसून त्या बुजवते. रक्त नाही, म्हणून औषध नाही, म्हणून उजळणे नाही. उजळलेल्या नाकात मेलेला भाग काळाच राहतो. शस्त्रक्रियेत कुठवर कापायचे, हे ठरवताना शल्यविशारदाला त्या सीमारेषेची मोठी मदत होते. रुग्णाचा डोळा वाचणे पुष्कळदा ती वेळेवर दिसण्यावर अवलंबून होते.

अहवाल हाती आल्यावर

चित्रात डावीकडे दिसते ती रुग्णाची उजवी बाजू असते. रुग्ण आपल्याकडे तोंड करून आहे असे समजावे. अहवालात आधी प्रत्येक भागाचे वर्णन असते आणि शेवटी ‘इम्प्रेशन’ म्हणजे निष्कर्ष. तिथे ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असे शब्द आले, तर रुग्णाच्या तक्रारी आणि चित्र यांचा मेळ घालावा, ही ती सूचना होय. तो मेळ रुग्णाला तपासणारे डॉक्टरच घालू शकतात. आपण पदार्थविज्ञान शिकलो, म्हणून निदान करू नये.

आणखी एक गोष्ट विसरू नका. या यंत्रातले अतिसंवाहक वेटोळे द्रवरूप हीलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेले असते. तपासणी चालू नसतानाही त्याचे क्षेत्र कायम असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूची टाकी हातात घेऊन खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला. तेव्हा आजोबांबरोबर गेलात, तर किल्ल्या, नाणी, घड्याळ बाहेर ठेवा. त्यांच्या शरीरात पेसमेकर किंवा धातूची क्लिप असेल, तर ते आधी सांगा.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. ३ टेस्लाच्या यंत्रात प्रोटॉन किती मेगाहर्ट्‌झवर डुलतील, आणि ते एफ.एम. पट्ट्याच्या खाली येईल की वर? हाडाचा कठीण भाग टी-वन आणि टी-टू दोन्ही चित्रांत काळा का दिसतो? वहीत उत्तरे लिहा आणि आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.