बंदी सगळ्यांची, होडी ज्याची त्याची

१ जून उजाडतो, तोवर थळपासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. पश्चिम किनाऱ्यासाठी केंद्राने ठरवलेली मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवसांची. वल्ह्या-शिडाच्या पारंपरिक होड्यांना मात्र ती लागू नाही. एवढासा अपवाद, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो घाम फोडतो.

समजा, जावा भाषेत नौकांची नोंदवही लिहायची आहे. ‘नौका’ हा क्लास. नोंदणी क्रमांक, तांडेल, टाकीतलं डिझेल हे ज्या त्या नौकेचं वेगळं, म्हणून ती इन्स्टन्स व्हेरिएबल्स. नवी नौका नोंदवली की त्यांना मेमरीत नवी जागा मिळते. बंदी चालू आहे की नाही, ही खूण स्टॅटिक. नौका हजार असोत वा एकही नसो, तिची जागा एकच. बरीचशी शिकवणी इथेच आटोपते. खरी गंमत पुढे, वारशात म्हणजे इनहेरिटन्समध्ये.

(वारशाची ही कल्पना नॉर्वेच्या ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगोर यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेतली. दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.)

‘नौका’पासून ‘ट्रॉलर’ आणि ‘वल्ह्याची होडी’ असे सबक्लास केले. बंदीच्या खुणेची वेगळी प्रत कोणालाच मिळत नाही. होडीच्या क्लासमध्ये कोणी ‘बंदी = नाही’ लिहिलं, तर ते मूळ ‘नौका’तच जाऊन बसतं आणि भर जूनमध्ये आगरदांड्याचे ट्रॉलरही कागदोपत्री मोकळे होतात!

मग होडीत त्याच नावाचं नवं स्टॅटिक व्हेरिएबल जाहीर केलं तर? मूळचं नुसतं झाकलं जातं. सगळ्या नौकांच्या एकत्र यादीतून विचारणा झाली, की जावा यादीचा जाहीर प्रकार बघते, समोरचा ऑब्जेक्ट नाही. होडीलाही बंदीच सांगते. पायथनमध्ये सबक्लासवर किंमत लिहिली, की तिथे स्वतंत्र प्रत तयार होते आणि ट्रॉलर जागेवर राहतात. सोय आहे, पण नंतर मूळ खूण बदलली तर होडीला त्याचा पत्ताच लागत नाही.

माझ्या मते खूण स्टॅटिकच ठेवावी आणि ‘या नौकेला बंदी लागू आहे का?’ हे साध्या, स्टॅटिक नसलेल्या मेथडला विचारावं. होडी ती मेथड बदलून ‘नाही’ म्हणेल, कारण मेथड निवडताना जावा खरा ऑब्जेक्ट बघते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा छोटा प्रोग्राम दोन्ही भाषांत चालवून पाहावा. मात्र उत्तर आधी कागदावर लिहून ठेवावं.