तीच गाडी की दुसरी?

कोल्हापूर शहरातून कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. पुढे कळंबा गाव, तेथील मध्यवर्ती कारागृह आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेला जुना तलाव. हाच रस्ता पुढे गारगोटीला जातो. नव्या, चकचकीत दुचाकींच्या गर्दीत या रस्त्यावर अजूनही एखादी येझदी, राजदूत किंवा जुनी बुलेट आपल्या विशिष्ट आवाजात जाताना दिसते. गाडी कितव्या सालातली असे कोणी विचारले, की अशा गाडीचा मालक अभिमानाने सांगतो, "वडिलांनी घेतलेली. तीच आहे." या 'तीच' शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न वरवर पाहता रिकामपणाचा वाटेल. वस्तुतः त्यात कायदा, बाजार आणि कारागिरी या तिन्हींचे हितसंबंध गुंतलेले आहेत.

उदाहरणादाखल १९७४ साली नोंदलेली एखादी येझदी घ्यावी. पन्नास वर्षांत तिचे टायर, साखळी आणि क्लचच्या प्लेटा किती वेळा बदलल्या, याची गणतीच नसते. पिस्टनच्या घर्षणाने सिलिंडर झिजतो. मग तो बोअर करून किंचित मोठा करावयाचा आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालावयाचा. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण असे करीत ही मापे संपली, की आत नवी स्लीव्ह बसवून पुन्हा पहिल्या मापापासून आरंभ! म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडल्यावर सुट्या भागांची चणचण वाढली. तेव्हापासून कधी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर, तर कधी उद्यमनगरातील लेथवर बनवून घेतलेले बुश, यांवर अशा गाड्या चालत आल्या आहेत. ऑइल इंजिने आणि फौंड्री यांतून ज्या शहराची कारागिरी वाढली, तेथे हे स्वाभाविकच होते. टाकी बदलली, चाके बदलली, रंग तर किती वेळा बदलला. मग 'तीच' म्हणण्यासारखे उरले काय?

जुनाच प्रश्न

हा प्रश्न मोटारसायकलीहून फार जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसिअसचे जहाज जपून ठेवले होते. कुजलेली फळी काढून नवी बसवता बसवता ते जहाज तेच राहिले काय, यावर तत्त्ववेत्त्यांत वाद होत असे, असे प्लुटार्कने नमूद केले आहे. सतराव्या शतकात टॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्यांचे दुसरे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते? जुन्या गाड्यांच्या भंगारबाजारात हा पेच केवळ काल्पनिक राहत नाही. एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत आणि दुसरीची टाकी तिसरीवर जातच असते.

आपल्या परंपरेतही याला जोड आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, महाविद्यालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या मिलिंद राजाचे नाव दिले, त्या राजाशी भिक्खू नागसेनाचा झालेला संवाद 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात आहे. रथ म्हणजे आस काय, चाके काय, जू काय, असे नागसेन एकामागून एक विचारतो आणि राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. 'रथ' हे सर्व भागांच्या आधाराने चालत आलेले व्यवहारातील नाव आहे, असा त्या चर्चेचा निष्कर्ष होय. परंतु हा व्यवहार चालवतो कोण आणि कोणत्या नियमाने, हे पाहिल्यावाचून विचार पुरा होत नाही.

कायद्याचे उत्तर

शासनाचे उत्तर सरळ आहे. चेसिसवर ठोकलेला क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि नोंदणी पुस्तकातील नोंद जुळली, की गाडी तीच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करण्यास निर्बंध आहेत आणि इंजिन बदलल्यास त्याची नोंद करून घ्यावी लागते. चोरीच्या गाड्यांचे क्रमांक घासून नवे ठोकले जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दक्षता अनाठायी नाही, हे पटते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही उच्च सुरक्षा क्रमांकपाट्या सक्तीच्या झाल्या, तेव्हा जुन्या गाड्यांची पाटीसुद्धा बदलली. पाटी गेली तरी 'एमएच ०९'चा क्रमांक राहिलाच. म्हणजे शासनाच्या लेखीही क्रमांक ही पत्र्याच्या तुकड्याहून निराळी गोष्ट आहे. मात्र क्रमांकाने गाडी ओळखता येते एवढेच. ती पन्नास वर्षे कशी टिकली, याविषयी तो मुका असतो.

जुन्या वाहनांच्या संदर्भात शासनाने २०२१ साली आणखी एक उत्तर दिले. प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटून गेलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. परंतु त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे, त्याची चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. संग्रहालयाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि याचा दुसरा अर्थ असा, की जी गाडी कमी चालली ती वारसा ठरते आणि जिने पन्नास वर्षे संसाराचा भार वाहिला ती केवळ जुनी ठरते. अशा गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते आणि वीस वर्षांवरील मोटारसायकलीसाठी हे शुल्क २०२५ साली २,००० रुपये झाले. ही आकारणी गाडीचे वय पाहते, तिची निगा पाहत नाही.

बाजाराचे उत्तर

बाजार 'ओरिजिनल' या शब्दाला किंमत देतो. पण वापरलेली गाडी आतून कशी आहे हे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणावरून दाखवून दिले, की अशा परिस्थितीत घेणारा सर्वच गाड्यांना सरासरीने कमी किंमत देऊ पाहतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाहेर पडतो. या संशोधनाचा गौरव पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकाने झाला. जुन्या गाडीच्या बाबतीत ही अडचण थोडीफार दूर करतो तो ओळखीचा मिस्त्री. "ही गाडी माझ्या हातची आहे," हे त्याचे वाक्य हीच तिची हमी असते.

बाजार नावालाही किंमत देतो. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी हे नाव २०२२ साली नव्या मोटारसायकलींवर पुन्हा अवतरले. कारखाना निराळा, यंत्र निराळे; नाव मात्र तेच. कळंब्याच्या रस्त्यावरील जुन्या येझदीत मूळचे भाग थोडेच उरले असतील, तरीही 'तीच' हा शब्द नव्या येझदीला लागू पडत नाही, जुनीला पडतो. असे का व्हावे?

मिस्त्रीचे उत्तर

याचे उत्तर दुरुस्तीच्या रीतीत आहे. नवा पिस्टन येतो तो जुन्या सिलिंडरच्या मापाने. लेथवरचे बुश कापले जाते ते झिजलेल्या शाफ्टवर बसेल असे. प्रत्येक नव्या भागाला अगोदरच्या भागांच्या अटी मान्य करून आत यावे लागते आणि काही काळ त्यांच्या सोबत चालावे लागते. पुढे जुने भाग जातात, तेव्हा हाच भाग नंतर येणाऱ्यांना माप घालून देतो. एकाच दिवशी चेसिससह सारे काही बदलले, तर कोणीही शहाणा माणूस तिला तीच गाडी म्हणणार नाही. हॉब्जच्या पेचाचा उलगडाही येथेच होतो. भंगारातून जुळवलेल्या गाडीत लोखंड जुने असेल, पण सोबतीने चालण्याचा धागा मध्येच तुटलेला असतो. गाडीची ओळख या अखंड धाग्यात असते आणि तो धागा दुरुस्ती करणारा माणूस राखतो.

हे मान्य केले, तर दुरुस्तीकडे पाहण्याची सार्वजनिक दृष्टीही बदलावी लागेल. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला दुचाकी हे भांडवल असते. हिशेबाच्या वहीत घसाऱ्याने तिची किंमत नगण्य होते, मात्र दुरुस्तीच्या आधारावर ती दूध पोहोचवते, नोकरीवर नेते. जुन्या दोन-स्ट्रोक गाडीचा धूर हा खरा दोष आहे आणि त्याची गय करण्याचे कारण नाही. पण त्यासाठी धुराची, ब्रेकची आणि चेसिसच्या मजबुतीची काटेकोर तपासणी हा मार्ग आहे. गाडीचे नुसते वय हा अपराध मानणे न्याय्य नव्हे.

दुसरा मुद्दा सुट्या भागांचा. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि वाहनांचाही त्यात समावेश केला. आजच्या गाड्यांत उघडता न येणारे जोडसंच आणि संगणकीय नियंत्रणे वाढत आहेत. उत्पादन बंद झाल्यावर भागांची मापे व आराखडे खुले करण्याचे बंधन कारखानदारांवर नसेल, तर उद्याचा मिस्त्री हातात पाना असूनही निरुपाय होईल.

तिसरी सूचना महसूल खात्याकडून घेता येईल. शेतजमिनीला गट क्रमांक असतो, आणि तिच्या हक्कांत वेळोवेळी झालेला प्रत्येक बदल फेरफार नोंदवहीत उतरतो. सातबाऱ्याला अर्थ येतो तो या फेरफारांमुळे. वाहनाला क्रमांक आहे, मालकीबदलाची नोंदही आहे, पण दुरुस्तीचा फेरफार नाही. कोणत्या साली स्लीव्ह बसवली, क्रँक कोणी बांधला, चेसिसला वेल्डिंग कोठे झाले, हे ज्यात मिस्त्रीच्या सहीनिशी लिहिले जाईल अशी पुस्तिका नोंदणीला जोडली, तर चोराला आळा बसेल, घेणाऱ्याची फसगत टळेल आणि मिस्त्रीच्या शब्दाला कागदावर स्थान मिळेल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेऊन मुले दरवर्षी बाहेर पडतात. भाग काढून नवा लावणे एवढेच काम त्यांच्या वाट्यास येणार, की झिजलेल्या यंत्राला मापाने पुन्हा उभे करण्याची विद्याही त्यांच्या हाती राहणार, हे पुढच्या काही वर्षांतील नियम ठरवतील. ती विद्या राहिली, तरच "तीच आहे" असे म्हणणाऱ्या मालकाचा शब्द यापुढेही खरा राहील.