पाठिराखेच मालक

इंग्लंडांतील पोर्ट्समथ फुटबॉल क्लबानें २००८ सालीं एफ्. ए. चषक जिंकिला, परंतु उत्पन्नाहून खर्च फार, म्हणून २०१० व २०१२ सालीं त्याचा कारभार प्रशासकांच्या हातीं गेला. अखेर पाठिराख्यांच्या मंडळानें हजार हजार पौंडांचे भाग विकून २०१३ च्या एप्रिलांत क्लबच विकत घेतला. जुनीं देणीं फिटलीं, तों नवाच वाद माजला. फ्रॅटन पार्क हें जुनें क्रीडांगण. त्याच्या डागडुजीस पैसा कोठून आणावा? धनिकास विकावें, तर पूर्वीचीच गत व्हावयाची. न विकावें, तर भिंतींनीं किती दिवस तग धरावा? दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्हांस खरेंच वाटतें. २०१७ सालीं भागधारकांनीं मतें दिलीं. ऐंशी टक्क्यांहून अधिक विक्रीच्या बाजूस पडलीं, आणि क्लब अमेरिकेंतील मायकेल आयस्नर यांच्या कंपनीकडे गेला.